संत आल्फोन्सस लिगोरी : निवृत्तीनंतरची बारा वर्षे

दरवर्षी १ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत आल्फोन्सस लिगोरी यांचा सण साजरा करते. त्यांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बिशपांच्या वेशातील एक वृद्ध गृहस्थ, समोर क्रूस आणि मान पुढे झुकलेली. ही मान नम्रतेने किंवा ध्यानात मग्न असल्यामुळे झुकली असावी, असे आपल्याला वाटते. खरे तर ती संधिवाताने वाकलेली आहे. सत्तरी ओलांडल्यावर आलेल्या एका दीर्घ आजाराने त्यांची मान कायमची वाकवून टाकली आणि पुढची जवळपास वीस वर्षे त्यांना ती सरळ करता आली नाही.

संतांविषयी बोलताना आपण बहुधा त्यांच्या भरात आलेल्या आयुष्याविषयी बोलतो. त्यांनी काय स्थापन केले, किती लोकांना देवाकडे वळवले, किती ग्रंथ लिहिले हे आपण सांगतो. आल्फोन्सस यांच्याविषयीही असे पुष्कळ सांगता येईल. परंतु आज आम्हाला त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या बारा वर्षांकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या धर्मग्रामात आयुष्यभर राबलेले आणि आता खुर्चीत किंवा खाटेवर दिवस काढणारे कितीतरी आजी-आजोबा आहेत. आपल्याला बाप्तिस्मा देणारे, आपली लग्ने लावणारे धर्मगुरूही आज निवृत्त आहेत. ज्याच्या हातून आता काही होत नाही, त्याच्या जीवनात देव काय करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आल्फोन्सस यांच्यासारखा सोबती नाही.

पहिला कागद

आल्फोन्सस यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी इटलीतील नेपल्स शहराजवळच्या मारियानेल्ला या गावी झाला. वडील डॉन जुझेप्पे हे राजाच्या आरमारात अधिकारी होते. घराणे सरदारांचे, शिस्त कडक. आई आन्ना अतिशय भाविक होती. मुलांना प्रार्थनेची गोडी तिनेच लावली. थोरल्या मुलाने घराण्याचे नाव काढावे म्हणून वडिलांनी घरीच उत्तम शिक्षक ठेवले. भाषा, गणित, चित्रकला आणि संगीत अशा सर्व विषयांत मुलगा चमकला. १७१३ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, त्यांनी नागरी कायदा आणि ख्रिस्तसभेचा कायदा अशा दोन्ही विषयांत डॉक्टरेट मिळवली. पदवीदानाचा झगा इतका मोठा होता की मुलगा त्यात बुडूनच गेला आणि जमलेल्या मंडळींना हसू आवरले नाही, असे सांगतात.

पुढे ते नेपल्समधील नावाजलेले वकील झाले. १७२३ साली त्यांच्याकडे एक फार मोठा खटला आला. इटलीतील दोन बड्या घराण्यांमधील मालमत्तेचा वाद होता आणि त्यात प्रचंड रक्कम अडकली होती. आल्फोन्सस यांनी कागदपत्रांचा महिनाभर अभ्यास केला. न्यायालयात त्यांनी बिनतोड भाषण केले. ते संपल्यावर विरुद्ध पक्षाच्या वकिलाने शांतपणे एका कागदाकडे बोट दाखवले. तो कागद आल्फोन्सस यांनी अनेकदा वाचला होता, पण त्यातील एका कलमाचा अर्थ त्यांच्या ध्यानातून निसटला होता. त्या कलमाने त्यांची सारी बाजू कोसळली. भर न्यायालयात त्यांची मान खाली गेली.

ते घरी आले, खोलीचे दार लावून घेतले आणि तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. मानी माणसाला मानहानी सोसवली नाही. त्या दिवसांत न्यायालयाविषयी, जगाच्या वाहवेविषयी त्यांचे मन कायमचे उडाले. काही आठवड्यांनी, ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, ते नेहमीप्रमाणे असाध्य रोग्यांच्या इस्पितळात सेवेसाठी गेले. तेथे देव आपल्याला सर्व सोडून येण्यासाठी बोलावत आहे, अशी स्पष्ट हाक त्यांना ऐकू आली. ते जवळच्या चर्चमध्ये गेले आणि सरदारपुत्राची खूण असलेली आपली तलवार त्यांनी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे ठेवली. वडिलांचा राग अनावर झाला, पण मुलगा मागे फिरला नाही. २१ डिसेंबर १७२६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, आल्फोन्सस यांना धर्मगुरुदीक्षा मिळाली.

हा पहिला कागद आपण लक्षात ठेवू या. सत्तावन्न वर्षांनी एक दुसरा कागद त्यांच्या आयुष्यात येणार होता.

डोंगरातील मेंढरे

तरुण धर्मगुरू आल्फोन्सस सरदारांच्या दिवाणखान्यात रमले नाहीत. नेपल्सच्या गल्ल्यांतील हमाल, मजूर, फेरीवाले संध्याकाळी काम आटोपून जमत. त्यांना ते प्रार्थना व बायबलमधील शिकवण साध्या बोलीत सांगत. हळूहळू हे सामान्य लोकच एकमेकांना शिकवू लागले. अशा सायंकालीन प्रार्थनागटांचे जाळे शहरभर पसरले. आज आपण छोट्या ख्रिस्ती समूहांविषयी बोलतो, तेव्हा हे उदाहरण आठवण्यासारखे आहे.

१७३० साली अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना हवापालटासाठी आमाल्फीच्या वरच्या डोंगरात, स्काला गावाकडे पाठवण्यात आले. तेथे त्यांना शेळ्या-मेंढ्या राखणारे गरीब लोक भेटले. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या या लोकांना शुभवर्तमान कोणी नीट सांगितलेच नव्हते. शहरात धर्मगुरूंची गर्दी होती, पण डोंगरात एकही जण वळून पाहत नव्हता. आल्फोन्सस यांना हे सलत राहिले. अखेर ९ नोव्हेंबर १७३२ रोजी स्काला येथे त्यांनी आपल्या काही सोबत्यांसह एका नव्या धर्मसंघाची स्थापना केली. अगदी दूरच्या, दुर्लक्षित लोकांकडे जाऊन त्यांना तारणाची वार्ता सांगणे हे त्याचे ध्येय होते. हाच पुढे तारणाऱ्याचा धर्मसंघ म्हणजे रिडेम्प्टरिस्ट संघ म्हणून ओळखला गेला. सुरुवात मोठी निराशाजनक झाली. काही महिन्यांतच मतभेद होऊन बहुतेक सोबती निघून गेले. तरीही आल्फोन्सस टिकून राहिले. नवे लोक येत गेले आणि १७४९ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी संघाला मान्यता दिली.

गावोगावी मिशन देताना आल्फोन्सस यांनी एक गोष्ट पाहिली. त्या काळी ख्रिस्तसभेत जान्सेनवाद नावाच्या विचाराचा मोठा पगडा होता. देव जणू कठोर न्यायाधीशच आहे आणि फारच थोड्यांचे तारण होईल, असा या विचाराचा कल होता. त्यामुळे काही धर्मगुरू पापनिवेदनासाठी आलेल्यांना महिनोन्‌महिने पापक्षमा देत नसत. परमप्रसाद तर दूरच राहिला. लोक घाबरून चर्चपासून लांब राहू लागले. आल्फोन्सस स्वतः वकील होते. कायद्याचे मोल ते जाणत होते. पण न्यायासनासमोरचा आरोपी आणि बापाच्या दारात परतलेला मुलगा यांतील फरकही त्यांना उमगला होता. पाप हे पापच आहे, यात त्यांनी कधी सवलत दिली नाही. मात्र पश्चात्तापाने आलेल्या माणसाला धर्मगुरूने आधी पित्यासारखे जवळ घ्यावे, मग वैद्यासारखे बरे करावे, असे त्यांनी शिकवले. १७४८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला त्यांचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या हयातीतच नऊ वेळा छापला गेला. कडकपणा आणि ढिलेपणा या दोहोंमधील वाट त्याने असंख्य धर्मगुरूंना दाखवली.

आपल्या वेळेचा एक क्षणही वाया घालवायचा नाही, असे व्रतच त्यांनी घेतले होते. मिशन, प्रवास, संघाचा कारभार हे सर्व सांभाळून त्यांनी शंभरहून अधिक लहान-मोठी पुस्तके लिहिली. पवित्र साक्रामेंताच्या भेटी, पवित्र मरियेचे गौरव, क्रुसाची वाट आणि प्रार्थनेचे महत्त्व हे त्यांचे विषय होते. देव प्रत्येकाला निदान प्रार्थना करण्याची कृपा देतोच आणि बाकीची सारी कृपा त्या प्रार्थनेतून मागून घेता येते, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला त्यांनी जणू आपल्या आयुष्याचा धडाच केला होता. विद्वानांच्या शाबासकीसाठी ते लिहीत नव्हते. वाचता येणाऱ्याने वाचावे, न येणाऱ्याने ऐकावे आणि दोघांनीही गुडघे टेकावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांनी रचलेले नाताळचे गीत इटलीत आजही घरोघरी गायले जाते.

खुर्चीतील बिशप

१७६२ साली, पासष्ट वर्षांचे असताना, पोप क्लेमेंट तेरावे यांनी त्यांची नेपल्सच्या राज्यातील सांत आगाता देई गोती या धर्मप्रांताचे बिशप म्हणून नेमणूक केली. वय आणि आजारपण पुढे करून त्यांनी नकार कळवला. परंतु पोपमहोदयांनी तो मानला नाही. दोन वर्षांतच नेपल्सच्या राज्यात भीषण दुष्काळ पडला. १७६३-६४ च्या त्या दिवसांत भुकेलेले लोक बिशपांच्या दारात येऊन बसत. आल्फोन्सस यांनी आपली घोडागाडी विकली, घरातील किमती वस्तू विकल्या, कर्ज काढले आणि धान्य वाटले. बिशपांच्या जेवणाच्या मेजावरील पदार्थही त्यांनी कमी केले.

१७६८ साली त्यांना तीव्र संधिवाताने गाठले. वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते. जीव वाचला, पण मान छातीवर अशी वाकली की हनुवटी छातीला टेकून तेथे जखम झाली. पाणी प्यायचे तर नळीने प्यावे लागे. मिस्सा अर्पण करताना प्याल्यातील पवित्र रक्त घेण्यासाठी त्यांना खुर्चीत बसवून दुसऱ्याने आधार द्यावा लागे. त्यांनी पोपमहोदयांकडे राजीनामा पाठवला. तो स्वीकारला गेला नाही. पुढचे पोप क्लेमेंट चौदावे यांनीही नकार दिला. या बिशपांनी अंथरुणावरून केलेली प्रार्थनाही धर्मप्रांताला पुरेशी आहे, असे त्यांचे मत होते. मग आल्फोन्सस खुर्चीतूनच धर्मप्रांताचा कारभार पाहू लागले.

याच काळात त्यांनी हाती घेतलेले एक काम आम्हाला विशेष वाटते. धर्मगुरू आणि व्रतस्थ लोक रोज स्तोत्रांची प्रार्थना करत. पण ती लॅटिन भाषेत असल्यामुळे अनेकांना अर्थ कळत नसे. ओठ हलत, मन कोरडे राही. वाकलेल्या मानेच्या या बिशपांनी सर्व स्तोत्रे घेतली, इटालियन भाषेत त्यांचे भाषांतर केले आणि अवघड ओळींचा अर्थ उलगडून सांगितला. १७७४ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीच्या घरात होते. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे, तशी तक्रारही आहे. आजच्या क्रमांकानुसार स्तोत्र ७१ ही म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे. शक्ती सरली म्हणून आपल्याला टाकून देऊ नये, अशी त्यात देवाला विनवणी आहे. स्तोत्र ८८ तर काळोखातच संपते, त्यात शेवटी उजेडाचा एक किरणही दिसत नाही. आल्फोन्सस यांनी इतरांसाठी या ओळींचा अर्थ लिहून ठेवला. लवकरच त्या स्वतः जगण्याची वेळ त्यांच्यावर येणार होती.

१७७५ साली नवे पोप पायस सहावे यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. आल्फोन्सस यांना झालेला आनंद लपत नव्हता. बिशपपद सोडून ते नोचेरा देई पागानी येथील आपल्या संघाच्या मठात परतले. सामान म्हणाल तर फारसे काही नव्हतेच. आता थोडेच दिवस उरले आहेत, ते प्रार्थनेत घालवू, असे त्यांना वाटले. देवाने मात्र त्यांना आणखी बारा वर्षे दिली. सुरुवातीला लेखणी चालूच होती. देवाच्या प्रेमळ योजनेविषयी आणि अनंतकालीन जीवनाविषयी त्यांनी या काळात लिहिले. मग डोळे अधू झाले, कान जड झाले आणि लेखणी हातातून गळाली.

दुसरा कागद

पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्या काळचे राजकारण थोडे पाहावे लागेल. नेपल्सचे राजदरबारी लोक धर्मसंघांच्या विरुद्ध होते. १७६७ साली त्यांनी येशूसंघीय धर्मगुरूंना राज्याबाहेर घालवले होते. आल्फोन्सस यांच्या संघाला पोपमहोदयांची मान्यता होती, पण नेपल्सच्या राजाची नव्हती. त्यामुळे संघावर बंदीची टांगती तलवार होती. आपण डोळे मिटण्यापूर्वी राजाची मान्यता मिळावी, ही वृद्ध संस्थापकाची तळमळ होती. संघातील एका विश्वासू धर्मगुरूंना त्यांनी हे काम सोपवले.

दरबाराशी बोलणी करताना संघाच्या नियमावलीत मोठे फेरबदल करण्यात आले. व्रतस्थ जीवनाचा गाभाच त्यातून काढून टाकला गेला. तयार झालेला मसुदा आल्फोन्सस यांच्यापुढे ठेवण्यात आला. अक्षर बारीक, जागोजागी खाडाखोड आणि वाचणारा ऐंशी ओलांडलेला, जवळजवळ दृष्टी गमावलेला. त्यांनी सुरुवातीच्या काही ओळी वाचल्या आणि तपासण्यासाठी तो मसुदा आपले प्रतिनिधी फादर व्हिल्लानी यांच्याकडे दिला. सारे ठीक आहे असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी विश्वास ठेवला. १७८० च्या जानेवारीत राजाची मंजुरी आली. नियमावली मठांमध्ये वाचली गेली तेव्हा एकच हलकल्लोळ झाला. ज्यांना त्यांनी मुलांसारखे वाढवले होते, त्यांतील काहींनी संस्थापकानेच संघाचा घात केला असे म्हटले. एके काळी एक कलम नजरेतून निसटल्यामुळे खटला हरलेला हा वकील आता म्हातारपणी न वाचलेल्या कागदामुळे आपला संघच गमावून बसला होता!

प्रकरण रोमला गेले. पोपमहोदय आणि नेपल्सचा दरबार यांचे संबंध आधीच बिघडलेले होते. २२ सप्टेंबर १७८० रोजी पोप पायस सहावे यांनी निर्णय दिला. पोपमहोदयांच्या राज्यातील मठ तेवढे खरा संघ मानले जातील. राजाची नियमावली घेतलेले नेपल्सच्या राज्यातील मठ संघाबाहेर पडले आहेत, असा तो निर्णय होता. पागानी हे नेपल्सच्या राज्यात होते. म्हणजे ज्यांनी संघ स्थापन केला, तेच संघाबाहेर गेले. तेव्हा त्यांना नुकतीच चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण होत होती.

पहिल्या कागदाच्या वेळी आल्फोन्सस यांनी दार लावून घेतले होते, हे आपण पाहिले. या वेळी त्यांनी काय केले? त्यांना धक्का बसला नाही असे नाही. संत काही दगडाचे नसतात. बातमी ऐकून त्यांनी प्रथम देवाची इच्छा म्हणून मान तुकवली. पण थोड्याच वेळात मन काळोखाने भरून आले. आपल्या पापांमुळेच संघाचा नाश झाला आणि देवाने आपल्याला टाकून दिले, असे वाटून ते ढसाढसा रडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जवळच्या मंडळींनी त्यांना धीर दिला. पवित्र मरियेचा धावा करत ते त्या वादळातून बाहेर आले. त्यानंतर पोपमहोदयांविरुद्ध त्यांनी तक्रारीचा सूर काढला नाही. ज्यांच्यामुळे हे घडले त्यांचा सूड घेतला नाही. आपल्याविना संघ चालणार असेल तर तसा चालो, पण देवाचा गौरव होवो, अशी त्यांची वृत्ती झाली.

दोन कागदांमध्ये सत्तावन्न वर्षांचे अंतर होते. या सत्तावन्न वर्षांत त्यांनी रोज देवाचे वचन वाचले, रोज क्रुसासमोर वेळ काढला आणि पवित्र साक्रामेंताला भेट दिली. तरुणपणीच्या मानी वकिलाचा हा शांत म्हातारा एका दिवसात झाला नाही. आपणही रोज थोडे बायबल वाचतो, जपमाळ म्हणतो आणि कधी कधी आपल्याला वाटते की यातून काहीच घडत नाही. घडत असते. ते कळते संकटाच्या दिवशी!

काळोखातील प्रार्थना

आपण म्हणू, आता तरी देवाने त्यांना विसावा द्यायला हवा होता. पण सर्वांत कठीण परीक्षा अजून बाकी होती. १७८४ च्या अखेरीस त्यांना मिस्सा अर्पण करणेही अशक्य झाले. आणि याच सुमारास वर्षाहून अधिक काळ त्यांच्या मनात भयंकर शंकांचे काहूर माजले. आपली पापे खरोखर क्षमा झाली आहेत का? आपण केलेले काम देवाला मान्य आहे का? विश्वासाच्या सत्यांविषयी संशय, निराशा, मोहाचे विचार यांनी ते रात्रंदिवस तळमळत.

आपण जरा विचार करू या. हजारो घाबरलेल्या जिवांना ज्यांनी देवाच्या दयेची खात्री दिली, त्यांना स्वतःलाच ती दया जाणवेनाशी झाली होती. ज्यांच्या पुस्तकांनी धर्मगुरूंना पापक्षमा कशी द्यावी हे शिकवले, तेच आपल्या पापनिवेदनासाठी लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा फादरांना बोलावत. अशा वेळी त्यांनी एकच गोष्ट केली. जी शिकवण त्यांनी इतरांना दिली होती, तीच त्यांनी स्वतः पाळली. फादरांनी शांत राहण्यास सांगितले की मनात वादळ असतानाही ते आज्ञा मानत. मनाला पटले म्हणून नव्हे, तर देव आपल्या सेवकाच्या तोंडून बोलतो यावर विश्वास होता म्हणून. ज्यांनी आयुष्यभर दया वाटली, त्यांनी आता ती हात पसरून घेतली. आम्हाला वाटते, देण्यापेक्षा हे अधिक कठीण आहे.

या दिवसांतील काही गोड आठवणीही सांगितल्या जातात. आज जपमाळ म्हणून झाली का, असे ते सेवेतील धर्मबंधूला वारंवार विचारत. झाली असे सांगितले तरी त्यांचे समाधान होत नसे. एकदा त्यांना पवित्र मरियेविषयीचे एक पुस्तक वाचून दाखवले जात होते. ते ऐकून त्यांचे हृदय भरून आले आणि इतके सुंदर पुस्तक कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. ते त्यांचेच पुस्तक होते! लिहिणारा लिहिलेले विसरून गेला होता, पण ज्या मातेविषयी लिहिले तिला विसरला नव्हता. स्मरणशक्ती गेलेल्या आपल्या आई-वडिलांच्या ओठांवर शेवटपर्यंत नमो मरिया राहते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी अनुभवले आहे.

हळूहळू वादळ शमले. १ ऑगस्ट १७८७ रोजी, दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेची घंटा वाजत असताना, पागानी येथील खोलीत आल्फोन्सस यांनी शांतपणे प्राण सोडला. एक्क्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. पोपमहोदयांच्या निर्णयानुसार ते त्या वेळीही संघाबाहेरच होते.

बी पेरणाऱ्याने पाहिले नाही

पुढची हकिकत मात्र देवाच्या योजनेची साक्ष देते. ज्या शाखेतून आल्फोन्सस यांना तोडले गेले, त्याच रोमकडील शाखेत १७८४ साली एक तरुण दाखल झाला. घरची गरिबी असल्यामुळे त्याने पूर्वी पाव भाजण्याचे काम केले होते. त्याचे नाव क्लेमेंट होफबाउअर. त्यांनीच पुढे संघाला आल्प्स पर्वतापलीकडे वॉर्सा आणि व्हिएन्ना येथे नेले आणि तेही संत झाले. १७९३ साली संघाच्या दोन्ही शाखा पुन्हा एक झाल्या. १७९६ साली आल्फोन्सस यांना वंदनीय ठरवणाऱ्या हुकूमनाम्याला ज्यांनी मान्यता दिली, ते पोप पायस सहावेच होते! १८१६ साली त्यांना धन्यवादित आणि १८३९ साली संत म्हणून जाहीर करण्यात आले. १८७१ साली पोप पायस नववे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे विद्वान आचार्य हा किताब दिला. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आणि नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आपला आणि या संतांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला आपल्यातील किती जण गेले असतील! १९४८ साली सुरू झालेल्या त्या नोव्हेनातील नित्य साहाय्य मातेच्या चित्राचे मूळ रोममध्ये संत आल्फोन्सस यांच्या नावाच्या चर्चमध्ये आहे. १८६६ साली पोप पायस नववे यांनी ते त्यांच्या संघाच्या हाती सोपवले आणि तिची भक्ती सर्वत्र पसरवण्यास सांगितले. उपवासकाळात जगभर अनेक चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनाही आल्फोन्सस यांच्याच लेखणीतून उतरल्या आहेत. यातले बरेचसे पाहायला ते नव्हते. पागानीच्या खुर्चीत त्यांना दिसत होते ते केवळ अपयश.

आपल्यासाठी

बंधू-भगिनींनो, म्हातारपण म्हणजे देवाने बाजूला ठेवलेला काळ नव्हे. हातांचे काम संपते तेव्हा देवाचे काम संपत नाही. उलट, आपण आयुष्यभर जे शिकवले ते स्वतः शिकण्याची ती वेळ असते. तरुणपणी आल्फोन्सस यांची मान मानहानीने खाली गेली होती, म्हातारपणी ती आजाराने वाकली. पण त्यांचे मन शेवटी वाकले ते प्रेमाने, देवापुढे.

या आठवड्यात आपण तीन साध्या गोष्टी करू शकतो. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीजवळ बसून स्तोत्र ७१ सावकाश, मोठ्याने वाचू या. ऐकू येत नसेल तर हात हातात घेऊन वाचू या. आपल्याला संस्कार देणाऱ्या एखाद्या निवृत्त धर्मगुरूंना भेटून येऊ या. जमले नाही तर निदान फोन करू या. आणि पुष्कळ दिवसांत पापनिवेदनाला गेलो नसलो, तर भीती सोडून जाऊ या. तेथे आपली वाट पाहणारा पिता आहे, हे सांगण्यासाठीच आल्फोन्सस यांनी आपले आयुष्य वेचले.

संत आल्फोन्सस, आमच्या वृद्धांसाठी, आमच्या निवृत्त धर्मगुरूंसाठी आणि आम्हां सर्वांसाठी विनंती कर. आमेन.